जिम कॉर्बेट आणि वाघिणीचा तुटलेला सुळा

पांढरकवडा-राळेगाव भागात २०१८ साली अवनी वाघिणीच्या धास्तीने लोक शेतात एकटे जायला धजावत नव्हते. १३ जणांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. वाघ माणसाच्या वाटेला का जातो, हा प्रश्न तेव्हा साऱ्यांनाच पडला होता. शंभर वर्षांपूर्वी त्याचे उत्तर वाघाच्या शरीरात शोधले ते जिम कॉर्बेट यांनी.

त्यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तिथले पोस्टमास्तर. जिम लहान असतानाच ते वारले. हिवाळ्यात कुटुंब कालाढुंगीला राहायला जाई. पावलांचे ठसे आणि पाखरांचे इशारे ओळखायला जिम तिथल्या जंगलातच शिकले. पुढे रेल्वेत लागून त्यांनी मोकामा घाटावर अनेक वर्षे मालवाहतुकीचे काम सांभाळले.

१९०७ मध्ये त्यांनी चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. तिचा जबडा पाहिला, तर उजवीकडचे वरचे-खालचे दोन्ही सुळे तुटलेले. कारण बंदुकीची जुनी गोळी. वाघ सुळ्यांनीच सांबराचा गळा धरून ठेवतो. ती पकड गेली की हातची शिकार सुटते. भूक मात्र थांबत नाही. मग हळू चालणारा, शिंगे नसलेला माणूस सोपा ठरतो. मुक्तेश्वरच्या वाघिणीचा एक डोळा गेला होता आणि पायात साळिंदराचे सुमारे ५० काटे रुतले होते. १९३८ मध्ये मारलेल्या ठाकच्या वाघिणीच्या अंगावरही गोळ्यांच्या जुन्या जखमा होत्या, त्यातली एक चिघळलेली. माणसानेच केलेली जखम माणसावर उलटली होती.

उत्तरायुष्यात कॉर्बेट यांचा ओढा बंदुकीपेक्षा कॅमेऱ्याकडे राहिला. १९३६ मध्ये देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहण्यात त्यांचा वाटा होता. १९४७ मध्ये ते केनियाला गेले आणि १९५५ मध्ये तिथेच वारले. दोन वर्षांनी त्या उद्यानाला त्यांचे नाव मिळाले.

हल्ला करणारा प्रत्येक वाघ जखमी असतोच असे नाही. जंगलाला लागून शेती आणि गुरांची चराई असली, तर धडधाकट वाघाचीही माणसाशी गाठ पडते. तरीही कॉर्बेट यांची शिकवण जुनी झालेली नाही. वाघाला क्रूर ठरवण्याआधी त्याचे दात, पंजे आणि पोट तपासावे.