मुठीतल्या नाण्याचे गणित मांडणारा जॉन फॉन नॉयमन

अर्थशास्त्राच्या वर्गात गेम थिअरीचा पहिला तास बहुधा दोन कैद्यांच्या कोड्याने सुरू होतो आणि लगोलग जॉन नॅश यांचे नाव येते. या शास्त्राचा पाया घालणारे जॉन फॉन नॉयमन मात्र विद्यार्थ्यांना भेटतात ते तळटीपेपुरते.

२८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमधील एका सधन ज्यू बँकरच्या घरी त्यांचा जन्म झाला. गणितावर पोट भरत नाही, या वडिलांच्या धास्तीपोटी त्यांनी झुरिकला रासायनिक अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि त्याच वर्षी, १९२६ मध्ये, बुडापेस्ट विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेटही मिळवली. (आपल्याकडच्या पालकांना ही धास्ती परकी वाटू नये!)

१९२८ साली त्यांनी खेळांवर एक निबंध प्रसिद्ध केला. समजा, दोघांनी मुठीत एकेक नाणे लपवले. दोन्ही छापे किंवा दोन्ही काटे निघाल्यास पहिला जिंकला, अन्यथा दुसरा. सतत छापाच ठेवणाऱ्याचा डाव लवकरच ओळखला जातो. म्हणून निम्म्या वेळा छापा, निम्म्या वेळा काटा, तोही कोणताही क्रम न पाळता ठेवावा. मग प्रतिस्पर्धी कितीही चतुर असो, सरासरीने तोटा होत नाही. एकाचा लाभ तीच दुसऱ्याची हानी, अशा दोघांमधील प्रत्येक मर्यादित खेळाला असा सुरक्षित तोडगा असतोच, हे नॉयमन यांनी सिद्ध केले. हेच मिनिमॅक्स प्रमेय होय. पोकरमधली थाप त्यामुळे गणिताच्या कक्षेत आली.

१९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला आले. नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर मायदेशी न परतलेले अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न तिथेच भेटले. दोघांचा सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला आणि गेम थिअरी अर्थशास्त्रात दाखल झाली. परंतु बाजारात खेळाडू अनेक असतात, आणि सौद्यात दोघांचाही फायदा होऊ शकतो. तिथे हा ग्रंथ गटबाजीच्या हिशेबात अडकतो. ही कोंडी १९५० मध्ये तरुण नॅश यांनी फोडली. नॉयमन यांना त्याचे फारसे अप्रूप वाटले नव्हते, असे सांगतात. १९९४ चे अर्थशास्त्राचे नोबेल नॅश, राइनहार्ड झेल्टन आणि मूळचे बुडापेस्टचेच जॉन हरसान्यी यांना मिळाले.

युद्धकाळात नॉयमन लॉस अलामॉसच्या अणुबाँब प्रकल्पात होते. नागासाकीवर पडलेल्या बाँबच्या रचनेत त्यांच्या आकडेमोडीचा मोठा वाटा होता. पुढे सोव्हिएत युनियनवर आधीच हल्ला करावा, असे त्यांचे मत होते. शत्रूचा लाभ ती आपली हानी, हाच चष्मा त्यांनी राजकारणातही चढवला होता, असे वाटल्याखेरीज राहत नाही.

१९५५ मध्ये ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले. त्याच वर्षी कर्करोगाचे निदान झाले. भ्रमात लष्करी गुपिते तोंडून निघू नयेत, म्हणून वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात त्यांच्याभोवती पहारा होता. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे तिथेच निधन झाले. संगणक आणि मेंदू यांच्यावरील त्यांचे अपुरे पुस्तक पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले.