सुजवटीचे कारण शोधणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स

हातापायांवर सूज असल्याने मूल गुटगुटीत वाटते. पण ते खेळत नाही, सारखे किरकिरते. केस विरळ आणि तांबूस होतात, कातडीचे पोपडे निघतात. कुपोषणाच्या या प्रकाराला मराठीत सुजवटी म्हणतात, तर वैद्यकीय भाषेत क्वाशिओरकोर. हे नाव वैद्यकशास्त्रात आणले डॉ. सिसिली विल्यम्स यांनी.

त्यांचा जन्म १८९३ मध्ये जमैकात झाला आणि वैद्यकीय शिक्षण इंग्लंडमध्ये. १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या सेवेत त्या गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला गेल्या. तिथे अशी सुजलेली मुले वारंवार येत आणि बरीचशी दगावत. अनेक डॉक्टर याला पेलाग्रा समजत. विल्यम्स यांना ते पटले नाही. मुलाला काय भरवता, हे त्यांनी आयांना विचारले. या आजाराला तुम्ही काय म्हणता, हेही विचारले. उत्तर त्या नावातच होते. स्थानिक गा भाषेत क्वाशिओरकोर म्हणजे धाकटे भावंड आल्यावर बाजूला पडलेल्या मुलाचा आजार.

आईला पुन्हा दिवस गेले की थोरल्याचे अंगावरचे दूध तुटे. मग त्याच्या वाट्याला मक्याची आंबवलेली पेज आणि मक्याचेच उंडे येत. पोट भरे, पण वाढ होत नसे. मक्याच्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही आवश्यक अमिनो आम्ले कमी असतात. विल्यम्स यांनी १९३३ मध्ये ही निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखात स्थानिक नावच वापरले.

पुढे मलायात त्यांनी तान्ह्या बाळांसाठी गोड कंडेन्स्ड दूध खपवण्याविरुद्ध १९३९ मध्ये जाहीर आवाज उठवला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत त्यांची तीनहून अधिक वर्षे गेली. सुटकेनंतर १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बाल आरोग्य विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख झाल्या. १९९२ मध्ये, वयाच्या ९८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सुजवटीमागे केवळ प्रथिनांची कमतरता नसते, वारंवार होणारे जंतुसंसर्ग आणि आतड्यांतील बिघाडही असतो, असे आता मानले जाते. तरीही एकाच धान्यावर मूल पोसत नाही, हा धडा कायम आहे. पहिल्या दोन वर्षांत मेंदूची वाढ झपाट्याने होते. म्हणून सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावे. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलाला रोज आठपैकी किमान पाच अन्नगटांतील पदार्थ मिळावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. आईचे दूध हा त्यातलाच एक गट. तेव्हा नुसती पेज न देता तिच्यात घोटलेली डाळ, शेंगदाण्याचे बारीक कूट, शिजवलेला पाला घालावा. जोडीला अंडे, केळे, दही द्यावे. घरात पुन्हा पाळणा हलला, तर थोरल्याच्या ताटलीकडे विशेष लक्ष ठेवावे.