फादर थॉमस स्टीफन्स : पवित्र शास्त्रातील बरे-वाईट आदर्श मराठीत आणणारे धर्मगुरू

पवित्र शास्त्र वाचताना एक गोष्ट आपल्या ध्यानात येते. त्यात देवाच्या निवडलेल्या माणसांचे दोष कोठेही झाकलेले नाहीत. अब्राहामाची भीती, दावीद राजाचे घोर पाप, शलमोनाचे उतारवयातील पतन, पेत्राचा नकार हे सारे तेथे उघडपणे लिहिलेले आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात संत पौलाने यामागचा हेतू स्पष्ट केला आहे. रानात इस्राएल लोकांच्या हातून जे घडले ते आपल्याला इशारा मिळावा म्हणून लिहून ठेवण्यात आले, असे तो सांगतो. सज्जनांपासून शिकावे आणि ज्यांचे पाऊल घसरले त्यांच्यापासूनही शिकावे, ही शास्त्राचीच रीत आहे. ही रीत मराठी माणसाच्या कानी त्याच्याच ओवीछंदातून घालण्याचे कार्य चारशे वर्षांपूर्वी एका येशूसंघीय धर्मगुरूने केले. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. आपल्या धर्मग्रामांतील अनेकांना हे नाव ठाऊक आहे. त्यांचे जीवन मात्र फारसे परिचित नाही. म्हणून ते येथे थोडक्यात सांगण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

जन्मभूमीचा त्याग

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या खेड्यात, १५४९ च्या सुमारास झाला. तो काळ इंग्लंडमधील कॅथलिकांच्या छळाचा होता. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राजवटीत मिस्साबलिदान अर्पण करणे हा गुन्हा ठरला होता. तरुण स्टीफन्स यांना थॉमस पाउंड नावाच्या श्रद्धावान सरदाराची सोबत लाभली. दोघांनीही रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घेण्याचे ठरविले होते. परंतु पाउंड पकडले गेले आणि पुढील सुमारे तीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले.

रोममध्ये अध्ययन करीत असताना भारतात सेवा करण्याची ओढ त्यांना लागली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला लागले. सहा महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या या खडतर प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना पत्राने कळविले. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलेही गेले. भारतात स्थायिक झालेले पहिले इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांची नोंद घेतात. ते पुन्हा कधीही मायदेशी परतले नाहीत. अब्राहामाने आपला देश व आपले गणगोत सोडले, ही कथा त्यांनी पुढे मराठीत सांगितली, तेव्हा ती त्यांनी स्वतः जगलेली होती.

साष्टीतील चाळीस वर्षे

गोव्यातील साष्टी तालुका ही त्यांची कर्मभूमी ठरली. काही काळ ते तेथील येशूसंघीय महाविद्यालयाचे प्रमुख होते; एरवी बहुतेक वर्षे त्यांनी गावोगावच्या ख्रिस्तमंदिरांत धर्मगुरू म्हणून घालविली. तेथेच ते कोकणी आणि मराठी शिकले. १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी भारतीय भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले. हे साम्य युरोपीय विद्वानांच्या विशेष चर्चेत येण्यास त्यानंतर दोन शतके जावी लागली. कोकणी भाषेचे व्याकरणही त्यांनी लिहिले. त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, ते राशोल येथे छापले गेले. कोणत्याही भारतीय भाषेचे छापले गेलेले ते पहिले व्याकरण मानले जाते.

१५८३ च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी व त्यांचे सोबती हे इंग्रज व्यापारी होर्मुझ येथे पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. ज्या देशाने स्टीफन्स यांच्या श्रद्धेला गुन्हा ठरविले होते, त्याच देशाचे हे प्रजाजन. तरीही स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली आणि जामिनावर त्यांची सुटका होण्यास साह्य केले. ज्या भावांनी आपल्याला विकले तेच दुष्काळात दारी आले असता मिसर देशातील योसेफाने त्यांना धान्य दिले. त्या योसेफाची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही.

एका श्रोत्याचा प्रश्न

स्टीफन्स यांनी आपल्या महान ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग सांगितला आहे. साष्टीतील एका ख्रिस्तमंदिरात रविवारी दुपारी मुलांची धर्मशिकवण चालू असता, एका ब्राह्मण श्रोत्याने गुरूजवळ मनातील खंत मांडली. प्रश्नोत्तरांची शिकवण चांगली आहे, पण पूर्वीची पुराणे वाचण्यास तुम्ही आम्हाला मनाई केली आहे, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

हा प्रश्न फार खोल होता. नियम आणि आज्ञा पाठ करून माणूस घडत नाही. त्याला कथा लागते, डोळ्यांपुढे उभी राहणारी माणसे लागतात. स्टीफन्स यांनी हा प्रश्न मनावर घेतला. १६१६ साली राशोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. पहिल्या पुराणात छत्तीस आणि दुसऱ्या पुराणात एकोणसाठ असे एकंदर पंचाण्णव अध्याय त्यात असून, अध्यायाला तेथे ‘अवस्वर’ असे म्हटले आहे. पहिल्या पुराणात सृष्टीच्या निर्मितीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतचा इतिहास येतो, तर दुसऱ्यात पवित्र मरिया आणि प्रभू येशू ख्रिस्ताचे चरित्र येते.

ज्या ओवीत आळंदीच्या ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ सांगितला, आणि ज्या ओवीत पैठणचे एकनाथ सोळाव्या शतकात लिहीत होते, तीच ओवी या इंग्रज धर्मगुरूने ख्रिस्तकथेसाठी निवडली. आळंदी आणि देहू ही दोन्ही क्षेत्रे आपल्या पिंपरी-चिंचवड व चाकणच्या अगदी शेजारची आहेत. ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले तेव्हा, बहुमान्य कालगणनेनुसार, देहूचे तुकोबा आठ वर्षांचे बालक होते.

हा ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. १६०८ साली रोमला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी येथील भाषा येथल्याच लिपीत छापण्याची इच्छा व्यक्त केली होती. पण रोमन लिपीला मोजकीच अक्षरे पुरतात, तर आपल्या लिपीतील बाराखडी व जोडाक्षरांसाठी शेकडो साचे करावे लागतात, ही अडचण होती. एक अचूक साचा तयार करण्यास किती खटपट पडते हे भोसरीच्या टूलरूममधील आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

पुराणातील माणसे

‘ख्रिस्तपुराण’ हे शास्त्राचे शब्दशः भाषांतर नाही. ऐकणाऱ्याने आपल्या जीवनाकडे पाहावे अशा रीतीने सांगितलेली ती कथा आहे. काइन व हाबेल हे सख्खे भाऊ. पण मत्सराने एकाला खुनी बनविले. शलमोनाने देवाजवळ ज्ञान मागितले, मंदिर उभारले आणि तरीही अखेरीस परदैवतांच्या मागे गेला. आरंभ चांगला झाला म्हणून शेवट चांगला होईलच असे नाही, हे या एका चरित्रातून कळते.

शास्त्रातील माणसे जोडीने पाहिली म्हणजे त्यांचा धडा अधिक स्पष्ट होतो. शौल राजाने आज्ञाभंग केला, आणि शमुवेलाने जाब विचारताच दोष लोकांवर ढकलला. दावीदाचे पाप त्याहून भयंकर होते. त्याने उरीयाची पत्नी घेतली आणि उरीयाला रणांगणात मरावयास पाठविले. परंतु नाथान संदेष्ट्याने आरसा दाखविताच त्याने सबब सांगितली नाही. पाप कबूल केले. पेत्र आणि यहूदा यांचेही असेच. दोघांनी एकाच रात्री प्रभूशी बेइमानी केली आणि दोघांनाही पश्चात्ताप झाला. पेत्राचे अश्रू त्याला प्रभूकडे परत घेऊन गेले, तर यहूदा निराशेच्या अंधारात एकटाच निघून गेला. चांगला आणि वाईट आदर्श यांतील अंतर नेहमीच पापाच्या आकाराने ठरत नाही. पाप उघड झाल्यावर माणूस कोणत्या दिशेने वळतो, यावरही ते ठरते.

छायेची बाजू

शास्त्राने दावीदाला सूट दिली नाही, म्हणून आम्हीही स्टीफन्स यांच्या काळाला सूट देऊ नये. ज्या पुराणांची खंत त्या श्रोत्याने व्यक्त केली, त्या ग्रंथांवर राजसत्तेच्या बळावर मनाई आली होती. १५६७ साली साष्टीतील देवळे मोठ्या संख्येने पाडण्यात आली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे अकबराच्या दरबारातून परतलेले फादर रुडॉल्फ अॅक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती, तसेच त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्ती जन मारले गेले. त्या पाच जणांचे देह मिळवून त्यांना मूठमाती देण्याचे दुःखद कर्तव्य स्टीफन्स यांनी पार पाडले, असे चरित्रकार नमूद करतात. ख्रिस्तसभेने १८९३ साली त्या पाच जणांना धन्यवादित म्हणून घोषित केले. परंतु त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने आसोळणेच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीज सत्तेने ठार केले, हेही इतिहासाला ठाऊक आहे. आपल्या हुतात्म्यांचे स्मरण करणाऱ्यांनी या मृतांना विसरणे न्यायाचे होणार नाही.

स्टीफन्स याच व्यवस्थेचा भाग होते. त्या व्यवस्थेविरुद्ध त्यांनी बंड केले असे म्हणता येत नाही. मात्र जेथे सत्तेने लोकांचे ग्रंथ हिरावून घेतले, तेथे त्यांनी लोकांच्याच भाषेत, त्यांच्याच छंदात ग्रंथ परत दिला आणि मराठी भाषेचे मनापासून गुणगान केले. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या म्हणजेच त्यांचे खरे चरित्र सांगितले असे होईल.

१६१९ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षाच्या सुमारास, गोव्यातच त्यांचे देहावसान झाले. त्यांचे पुराण १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली. तरीही हस्तलिखितांच्या रूपाने ग्रंथ टिकला. १७८४ साली टिपू सुलतानाने कैद करून श्रीरंगपट्टणला नेलेल्या मंगळूरच्या कॅथलिकांना या ओव्यांनी धीर दिला, असे परंपरा सांगते. १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी तो संपादून छापला, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती आपल्या पुण्यातून प्रसिद्ध केली.

आपल्यासाठी बोध

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे आकुर्डी, भोसरी आणि अलीकडे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना, वसई अशा ठिकाणांहून आपली कॅथलिक कुटुंबे येथे आली. गाव सोडून परमुलखात श्रद्धा जपणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

कारखान्यात छिद्राचे माप तपासावयाचा ‘गो, नो-गो’ गेज असतो. त्याची एक बाजू आत गेली पाहिजे आणि दुसरी जाता कामा नये. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय नग पास होत नाही. पवित्र शास्त्रातील माणसे आपल्यासाठी असाच गेज आहेत. हाबेल, योसेफ, पवित्र मरिया ही त्याची एक बाजू. काइन, शौल, यहूदा ही दुसरी. सोबत्याला बढती मिळाली आणि आपले तोंड उतरले, तर काइनाकडे पाहावे. माल रिजेक्ट झाल्यावर दोष कंत्राटी हेल्परच्या माथी मारावासा वाटला, तर शौलाकडे पाहावे. हाती अधिकार आहे आणि समोरचा दुबळा आहे, तेव्हा उरीयाचे नाव आठवावे. आणि स्वतःच्याच हातून मोठी चूक घडली, घरात किंवा कामावर विश्वास गमावला, तर आपण भंगारात टाकण्याच्या लायकीचे झालो असे समजून यहूदाच्या वाटेने जाऊ नये; पेत्राप्रमाणे प्रभूकडे परतावे. पापनिवेदनाचा संस्कार त्यासाठीच आहे.

आईवडिलांना आमची एक विनंती आहे. मुलांना संतांच्या कथा आपण सांगतोच. त्यांच्याबरोबर शास्त्रातील पडलेल्या माणसांच्या कथाही सांगाव्या. केवळ निष्कलंक माणसांविषयी ऐकलेले मूल पहिल्या अपयशाला खचते. ज्याने दावीदाचा आणि पेत्राचा उठण्याचा मार्ग ऐकला आहे, त्याला परतीची वाट ठाऊक असते. साष्टीतील त्या श्रोत्याने गुरूजवळ कथा मागितली आणि गुरूने अकरा हजार ओव्या रचल्या. आपल्या घरातील मुलांसाठी रात्रपाळीहून आलेल्या वडिलांनी आणि दिवसभर थकलेल्या आईने आठवड्यातून एक कथा सांगितली, तरी फादर स्टीफन्स यांचे कार्य आपल्या घरात पुढे चालू राहील. परमेश्वर आपणा सर्वांना तशी बुद्धी व बळ देवो, हीच प्रार्थना.