शांतीचे नाव लाभलेला फ्रीड्रिख

फ्रीड्रिख हे नाव आपण इतिहासात पुष्कळदा वाचले असेल. इंग्रजांनी त्याचेच फ्रेडरिक केले. प्राचीन जर्मन भाषेत 'फ्रिडू' म्हणजे शांती व 'रीखी' म्हणजे सत्ताधीश. नाव शांतीचे, परंतु ते धारण करणाऱ्या राजांना रणांगणच अधिक प्रिय! प्रशियाचा दुसरा फ्रीड्रिख १७४० साली गादीवर बसला आणि त्याच वर्षी सायलेशियावर चालून गेला.

त्याच राज्यात, झोनेनबुर्ग गावी, १७२६ मध्ये ख्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ यांचा जन्म झाला. आई त्यांच्या बालपणीच निवर्तली. जाताना तिने हा मुलगा देवाच्या सेवेस वाहिला होता. हाल्ले येथे शिक्षण व कोपनहेगन येथे दीक्षा घेऊन ते १७५० मध्ये तरंगंबाडीस उतरले आणि पुन्हा मायदेशी गेले नाहीत. ते तमिळ शिकले, फारसी शिकले आणि तंजावरच्या भोसले दरबारात बोलता यावे म्हणून आपली मराठीही शिकले.

१७७९ मध्ये मद्रासच्या गव्हर्नराने त्यांना हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणास धाडले. रक्तपात टळावा एवढ्याच हेतूने ते गेले. हैदरने प्रवासखर्चासाठी दिलेले ३०० रुपयेही त्यांनी स्वतःकडे न ठेवता अनाथ मुलांच्या शाळेस लावले. तथापि १७८० मध्ये युद्ध पेटलेच. दूत प्रामाणिक होता. त्याला पाठविणाऱ्यांवर हैदरचा भरवसा नव्हता.

त्या युद्धात तंजावरच्या किल्ल्यात अन्नान्नदशा झाली. पैसे बुडण्याचा अनुभव असल्यामुळे शेतकरी सरकारच्या शब्दावर धान्य वाहण्यास बैल देईनात. श्वार्ट्झसाहेबांनी शब्द दिला, तेव्हा बैल आले, धान्य आले. आणि त्यांनी प्रत्येकाचे पैसे चुकते केले.

१७८७ मध्ये तुळजाजी महाराजांनी मृत्युसमयी दत्तक पुत्र सरफोजी यास त्यांच्या हाती सोपविले. अमरसिंगाच्या कारभारात त्या मुलाचे हाल झाले, तेव्हा श्वार्ट्झनी कंपनीकडे दाद मागून त्यास मद्रासला हलविले. मिशनऱ्याने राजकारणात इतके शिरावे काय, असे आपण विचाराल. मलाही तो प्रश्न पडतो. कारण सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले खरे, परंतु पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनीने घेतला. हे पाहण्यास श्वार्ट्झ उरले नव्हते. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावर येथे ते प्रभूकडे गेले.

सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. तरी गुरूच्या समाधीसाठी त्यांनी स्वतः इंग्रजीत कविता रचली आणि फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करविले. तंजावरला गेलात तर ते अवश्य पाहा. मृत्युशय्येवर श्वार्ट्झ आहेत आणि शेजारी त्यांचा हात हाती घेऊन मराठा राजा उभा आहे.