रायगड पडल्यानंतरचे राज्य

राजधानी पडली की राज्य बुडाले, हा औरंगजेबाचा दक्षिणेतील हिशेब होता आणि तो दोनदा खरा ठरला होता. १६८६ मध्ये विजापूर पडले आणि आदिलशाही संपली. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडला आणि कुतुबशाही संपली. १६८९ मध्ये मराठ्यांच्या राज्याचीही तीच गत होणार, याविषयी मोगल छावणीत शंका नव्हती. फेब्रुवारीत संगमेश्वरी छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली आणि नोव्हेंबरात रायगड पडला. महाराणी येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. तरीही राज्य संपले नाही. याचे श्रेय बहुधा संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या घोडदळाला दिले जाते व ते रास्तच आहे. मात्र घोडदळाला हुकूम, पैसा आणि ठाणी लागतात. ती पुरवणारे शासन ज्यांनी चालू ठेवले, ते रामचंद्र नीलकंठ, म्हणजेच रामचंद्रपंत अमात्य.

निळो सोनदेवांचे हे पुत्र १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत होते. राज्याच्या जमाखर्चाचे खाते अमात्यांकडे असे. गावोगावचा वसूल किती, किल्ल्यांचा खर्च किती, याची जाण त्यांना तलवारीच्या आधी होती. पुढे हीच जाण कामी आली.

रायगडाला वेढा पडत असताना एकोणीस वर्षांचे राजाराम महाराज गडाबाहेर पडले. राजघराणे एकाच ठिकाणी अडकू नये, हा त्यामागचा विचार होता. प्रतापगड, पन्हाळा असे मुक्काम करीत ते वर्षअखेरीस दूर तामिळ मुलखातील जिंजीला पोहोचले. निघण्यापूर्वी त्यांनी महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंतांवर सोपवला आणि त्यांना 'हुकूमतपनाह' हा किताब दिला. नेमणुका, इनामे, मोहिमा यांचे निर्णय जिंजीच्या उत्तराची वाट न पाहता घेण्याची मुभा त्यात होती. शेकडो मैलांचा मुलूख शत्रूने व्यापलेला असताना प्रत्येक कागद राजाकडे पाठवणे म्हणजे कारभार बंद करणेच ठरले असते. विशाळगड हे पंतांचे मुख्य ठाणे झाले. शंकराजी नारायण त्यांच्या मदतीला होते, तर जिंजीत राजाजवळ प्रल्हाद निराजी प्रतिनिधिपदावर होते. राज्याला आता दोन केंद्रे होती. एक पडले तरी दुसरे उभे राहील, अशी ती रचना होती.

फळ लवकरच दिसले. मे १६९० मध्ये साताऱ्याजवळ मोगल सरदार सर्जाखान मराठ्यांच्या हाती लागला. १६९२ मध्ये पन्हाळा परत मिळाला. आठ वर्षांच्या वेढ्यानंतर १६९८ मध्ये जिंजी पडली, तेव्हा राजाराम महाराज तेथून आधीच निसटले होते. परतायला त्यांना राज्य शिल्लक होते.

या यशाची किंमत मात्र मोठी होती. खजिना रिकामा होता आणि बादशहा मनसबी व वतने देऊन मराठे सरदारांना फोडत होता. शिवछत्रपतींनी सरदारांना मुलूख तोडून देण्याऐवजी रोख वेतन देण्याची पद्धत कटाक्षाने पाळली होती. ती आता टिकणे शक्य नव्हते. सरदारांना वतने आणि जिंकतील त्या मुलखाची आश्वासने द्यावी लागली. सैन्य उभे राहिले, पण सरदार आपापल्या प्रांताचे धनी होऊ लागले. उत्तरकालीन मराठी राज्याच्या सरंजामी घडणीचे मूळ याच आणीबाणीत आहे.

हे पंतांना कळत नव्हते, असे नाही. १७०० मध्ये राजाराम महाराज वारले, १७०७ मध्ये औरंगजेब गेला, शाहू सुटून आले आणि गादी दुभंगली. पंत ताराबाईंच्या बाजूला राहिले. पुढे १७१४ मध्ये कोल्हापूरच्या सत्तांतरात त्यांनी राजसबाईंचे पुत्र संभाजी यांना साथ दिली. ऐक्यासाठी आयुष्य वेचलेल्या मुत्सद्द्याची अखेर अशी एका फुटीच्या एका बाजूला झाली. १७१५ च्या सुमाराचे आज्ञापत्र त्यांच्या नावे ओळखले जाते. वतनदार हे राज्याचेच वाटेकरी होऊ पाहतात, परचक्र येताच शत्रूला जाऊन मिळतात, आणि सेवेबद्दल वृत्ती तोडून दिल्यास राज्य क्षीण होते, असा स्पष्ट इशारा त्यात आहे. टोपीकर व्यापाऱ्यांना किनाऱ्यावर पाय रोवू देऊ नयेत, अशी ताकीदही आहे. १७१६ मध्ये पंत निवर्तले. खुद्द त्यांच्या घराण्याकडे पुढे बावड्याची जहागीर राहिली, हाही इतिहासच आहे.

राजधानी, राजा आणि खजिना तिन्ही गेल्यावरही शासन चालते, हे रामचंद्रपंतांनी सिद्ध केले. त्यासाठी अधिकार आधीच वाटून द्यावा लागतो आणि तो पेलणारा माणूस पदावर असावा लागतो. संकटात दिलेल्या सवलती संकट सरल्यावर परत घेता येतील का, हा प्रश्न मात्र त्यांच्या हयातीत सुटला नाही आणि त्यांच्या वारसांनाही तो सोडवता आला नाही.