पडद्याआडच्या मुलांची वकील

बेळगावात लहानपण गेलेल्या नामवंतांची नावे कोणी विचारली, तर आपण पाच-सहा नावे चटकन सांगू. त्यांत कॉर्नेलिया सोराबजी हे नाव बहुधा येणार नाही. माझ्याही यादीत ते नव्हते. गेल्या वर्षी ग्रंथालयात स्त्री वकिलांविषयीचे एक पुस्तक चाळताना बेळगावचा उल्लेख दिसला म्हणून मी थबकले, आणि मग ते पुस्तक हातातून खाली ठेववेना. त्याचे खरे कारण बेळगाव नव्हते. ते कारण पुढे ओघात येईलच.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील सोराबजी खरसेटजी हे पारशी. पुढे ते ख्रिस्ती झाले व धर्मोपदेशकाचे काम करू लागले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढल्या. बाईंचे बालपण आधी बेळगावात आणि नंतर पुण्यात गेले. आपल्या इस्टेटी नातलगांनी बळकावल्या, आता दाद कुठे मागावी, असे विचारणाऱ्या बायका त्यांच्या आईकडे येत. अशा बायकांना पुरुष वकिलासमोर तोंड उघडता येत नाही, ही गोष्ट कॉर्नेलियाबाईंच्या मनात तेव्हाच रुजली असावी.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलांच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. पदवी परीक्षेत त्यांनी पहिला वर्ग मिळवला आणि मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. त्यांच्या गुणांवर विलायतेस जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयास हवी होती. ती नाकारली गेली, आणि कारण एकच, की त्या स्त्री होत्या. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवले. मग इंग्लंडातील काही सहृदय मंडळींनी वर्गणी जमवली. वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि सर विल्यम वेडरबर्न हेही होते. त्या पैशावर १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. १८९२ साली, विद्यापीठाच्या खास परवानगीने, कायद्याची बी. सी. एल. परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री झाल्या. परीक्षा देता आली, पण पदवी हाती पडली नाही. कारण ऑक्सफर्ड तोपर्यंत स्त्रियांना पदवीच देत नव्हते. ती पदवी त्यांना तीस वर्षांनी मिळाली.

मायदेशी परतल्यावरही तीच कथा. १८९७ साली त्या मुंबई विद्यापीठाची एल्एल्. बी. परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही. तरीही सनद मिळेना. काठेवाड आणि इंदूरच्या संस्थानी मुलखात ब्रिटिश एजंटापुढे पडदानशीन स्त्रियांचे अर्ज मांडण्याची मुभा त्यांना होती, परंतु वकील म्हणून कोर्टात उभे राहण्याचा हक्क नव्हता. दुसरी एखादी खचून गेली असती. बाईंनी मात्र कोर्टाचे दार बंद आहे म्हटल्यावर अशिलाच्या दाराशी जायचे ठरवले.

इथे थोडे थांबून कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स म्हणजे काय, ते सांगावयास हवे. एखादा जमीनदार वारला आणि त्याचा वारस अज्ञान असला, की सरकार ती इस्टेट आपल्या देखरेखीखाली घेई. वसुली, कर्जफेड, विधवांची पोटगी, मुलाचे पालनपोषण आणि शिक्षण ही सारी जबाबदारी मग सरकारी अंमलदारांवर येई. असे मूल अठराव्या नव्हे, तर एकविसाव्या वर्षी सज्ञान धरले जाई. कागदावर ही व्यवस्था उत्तम होती. अडचण अशी, की त्या मुलाची आई पडद्यात. ती परक्या पुरुषाशी बोलणार नाही आणि साहेब आत जाऊ शकणार नाही. मग तिच्या वतीने बोलणार कोण? दिवाण, कारभारी किंवा दीर. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार असण्याचा संभव, तोच तिचे तोंड झाला. पोटगी पोचली असे तोच सांगणार आणि मुलगा शिकतो आहे असेही तोच सांगणार.

हा दोष कॉर्नेलियाबाईंनी नेमका हेरला. स्त्रिया व अज्ञान मुले यांच्यासाठी सरकारने एक स्त्री कायदा-सल्लागार नेमावी, असा अर्ज त्यांनी १९०२ पासून लावून धरला. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सकडे त्यांची नेमणूक झाली. पुढे बंगालबरोबरच बिहार, ओरिसा आणि आसाम एवढा मुलूख त्यांच्याकडे आला. आगगाडीने, होडीने, पालखीने त्या खेड्यापाड्यांतील वाड्यांवर जात. आत बसून राणीचे म्हणणे ऐकत. पैसे खरोखर हाती पडतात का, मुलाला शिक्षक लावला आहे का, त्याच्या जिवाला घरातच धोका नाही ना, हे पाहत आणि अहवाल लिहीत. वीस वर्षांच्या काळात सुमारे सहाशे स्त्रिया व अनाथ मुले यांना त्यांनी साहाय्य केले. काही वेळा एक पैही न घेता. १९०९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले.

आता मी मघाशी सांगायचे राहिलेले कारण सांगते. मी दहावी झाले त्याच वर्षी माझे वडील वारले. पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती होती आणि वसतिगृहात जागाही मिळण्यासारखी होती. पण अर्ज कन्नडमध्ये भरायचा होता, आणि माझ्या आईला मराठीच वाचता येते. उत्पन्नाचा दाखला आणायला कचेरीत जावे लागे. तिथे एकटीने जाण्याची तिला सवय नव्हती. घरातील मोठी माणसे आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिली. शेवटी शेजारच्या कन्नड मास्तरांनी अर्ज भरून दिला, पण तोवर मुदत टळली होती. ते वर्ष मी घरी काढले. माझा हक्क कोणी हिरावून घेतला, असे मी म्हणणार नाही. तो हक्क आमच्या उंबऱ्यापर्यंत आलाच नाही, इतकेच. म्हणूनच दारोदार जाणारी ही वकीलबाई वाचताना मला ती फार जवळची वाटली.

पण चरित्र वाचताना डोळे मिटून चालत नाही. बाईंचे वॉर्ड म्हणजे इस्टेटीचे वारस होते. ज्या अनाथ मुलाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्याच्यासाठी कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स नव्हते. शिवाय ब्रिटिश राज्यावर बाईंचा गाढ विश्वास होता. गांधीजींच्या चळवळीला त्यांनी विरोध केला, आणि १९२७ च्या कॅथरीन मेयो यांच्या 'मदर इंडिया' या वादग्रस्त पुस्तकाची बाजू घेतली. त्यामुळे त्या आपल्याच देशात एकाकी पडल्या. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीचा मार्ग मोकळा झाला आणि बाईंनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. तथापि कोर्टातील पूर्वग्रह गेला नव्हता, आणि त्यांच्या वाट्याला बहुतेक लेखी अभिप्रायांचेच काम आले. १९२९ साली निवृत्त होऊन त्या लंडनला गेल्या. ६ जुलै १९५४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांची मते आपल्याला पटोत वा न पटोत, त्यांची कार्यपद्धती मात्र आजही शिकण्यासारखी आहे.

आज कायदा बाईंच्या काळापेक्षा कितीतरी पुढे गेला आहे. मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व १९७६ साली राज्यघटनेच्या कलम ३९-अ मध्ये आले. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची कोणतीही अट न घालता हे साहाय्य देऊ केले आहे. त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी समिती असते. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि २००९ साली त्याचा कायदाही झाला. आता इस्टेट असण्याची गरज नाही. मूल असणे पुरेसे आहे. तरी आमच्या घरी मला यांतले काहीच ठाऊक नव्हते, आणि सांगायलाही कोणी आले नव्हते.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी प्रत्येकाने वकील व्हावे असे माझे म्हणणे नाही. अर्ज वाचता येणे, दाखला कोठे मिळतो हे माहीत असणे, आणि ज्याला ते माहीत नाही त्याच्या घरी जाऊन बसणे, एवढे तरी आपल्याला जमेल. निकालानंतरच्या दिवसांत कन्नड विभागातील माझी एक मैत्रीण आणि मी गावातील मुलींचे अर्ज भरून देतो. ती लिहिते, मी आयांना मराठीत समजावते. यंदा अकरा अर्ज मुदतीत गेले. पुढच्या वर्षी आणखी दोघीतिघी बरोबर आल्या, तर शेजारच्या दोन गावांनाही जाता येईल.