नव्या रचनांची आजन्म विद्यार्थिनी

लाइपझिग शहरातील फ्रीडरिश वीक हे नावाजलेले पियानो शिक्षक. पियानोंची विक्री आणि छापील संगीत वाचकांना भाड्याने देणे हाही त्यांचा व्यवसाय होता. त्यामुळे युरोपात कुठेही नवी रचना छापली गेली, की ती लवकरच त्यांच्या घरी पोहोचे. १८३१ मध्ये अशीच एक रचना त्यांच्या हाती आली. मोझार्टच्या ‘डॉन जिओव्हानी’ या ऑपेरातील एका धूनेवर बेतलेल्या या रचनेचा कर्ता होता फ्रेडरिक शोपाँ. विशीतल्या या पोलिश तरुणाचे नाव जर्मनीत तेव्हा फारसे कोणाला ठाऊक नव्हते. वीक यांची मुलगी क्लारा त्या वेळी अकरा वर्षांची होती. आजवर पाहिलेल्या रचनांमध्ये ही सर्वांत अवघड, अशी नोंद तिच्या रोजनिशीत झाली आणि अवघ्या आठ दिवसांत तिने ती बसवली.

आज एखादी अवघड रचना शिकायची तर तिची अनेक ध्वनिमुद्रणे ऐकता येतात आणि ती वाजवलेले गुरू भेटतात. १८३१ मध्ये यातले काहीच नव्हते. पाश्चात्त्य संगीतातील रोमँटिक कालखंड नुकता कुठे बहरू लागला होता. डाव्या हाताच्या लांबच लांब झेपा, स्वरांच्या दाट विणीत मध्येच लपलेली धून, पायाखालच्या पेडलने एकमेकांत मिसळणारे नाद हे सारेच नवे होते. ते कसे वाजवायचे आणि कानाला कसे लागले पाहिजे, हे कागदावरच्या खुणांवरून स्वतःच शोधावे लागे. क्लाराने पुढची साठ वर्षे हेच काम केले.

क्लाराचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ चा. ती पाच वर्षांची असताना आई-वडील विभक्त झाले आणि मुलगी वडिलांकडे राहिली. चार वर्षांची होईपर्यंत ती जवळजवळ बोलतच नव्हती. वीक यांनी तिला स्वरलिपी शिकवण्याआधी कानाने ऐकून वाजवायला शिकवले. रियाजाचे तास मोजके आणि रोज मोकळ्या हवेत लांब फेरफटका, हा त्यांचा दंडक होता. शिस्त कठोर होती. मात्र बोटे हलण्याआधी रचना कानात आणि डोक्यात उतरली पाहिजे, ही सवय तिला याच शिस्तीने लावली. नवव्या वर्षी, १८२८ मध्ये, ती लाइपझिगच्या प्रसिद्ध गेवांडहाउस सभागृहात प्रथम वाजली. पुढे समोर कागद न ठेवता जाहीर मैफलीत वाजवणाऱ्या पहिल्या काही वादकांत तिची गणना झाली. काहींना तेव्हा हा आगाऊपणा वाटला होता.

१८३० मध्ये रॉबर्ट शुमान हा तरुण वीक यांच्याकडे शिकण्यासाठी राहायला आला. त्याला पियानोवादक व्हायचे होते, पण उजव्या हाताचे बोट अधू झाल्याने तो मार्ग बंद झाला आणि तो लेखणीकडे वळला. त्याच्या रचना विलक्षण होत्या, पण श्रोत्यांना अपरिचित आणि वाजवायला कठीण. त्यांना समर्थ हात हवे होते, ते क्लाराचे मिळाले. त्याच्या ‘सिंफनिक एट्यूड्स’मधील काही भाग तिने ऑगस्ट १८३७ मध्ये लाइपझिगच्या मैफलीत वाजवले आणि दुसऱ्याच दिवशी दोघांनी गुपचूप वाङ्निश्चय केला. वडिलांचा या विवाहाला कडवा विरोध होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, १२ सप्टेंबर १८४० रोजी, विवाह पार पडला.

संसारात मात्र वेगळीच अडचण उभी राहिली. भिंती पातळ असल्याने रॉबर्ट लिहीत असताना क्लाराला पियानोला हात लावता येत नसे. सारा युरोप जिला ओळखत होता, तिला स्वतःच्या घरात रियाजासाठी वेळ चोरावा लागे. तरीही ऑगस्ट १८४१ मध्ये, पहिल्या अपत्याच्या जन्माला जेमतेम तीन आठवडे उरले असताना, तिने रॉबर्टची पियानो आणि वाद्यवृंदासाठीची नवी फँटसी गेवांडहाउसमधील तालमीत वाजवून पाहिली. याच रचनेला आणखी दोन भाग जोडून ए मायनर कन्चेर्टो तयार झाला. ४ डिसेंबर १८४५ रोजी ड्रेस्डेनमध्ये त्याचे पहिले वादन क्लारानेच केले. तेव्हा ती चौथ्यांदा गरोदर होती.

फेब्रुवारी १८५४ मध्ये मनोविकाराने ग्रासलेल्या रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. तो वाचला, पण उरलेली दोन वर्षे त्याने मनोरुग्णालयात काढली आणि जुलै १८५६ मध्ये त्याचे निधन झाले. सात मुलांचा भार छत्तिशीतल्या क्लारावर पडला. मैफली हेच तिच्या उपजीविकेचे साधन बनले. अशा वेळी श्रोत्यांच्या पसंतीचे, हमखास टाळ्या घेणारे संगीत वाजवणे सोयीचे होते. तिने मात्र रॉबर्टच्या आणि योहानेस ब्राम्स या तरुण स्नेह्याच्या रचना आपल्या कार्यक्रमांत ठेवल्या. ब्राम्सच्या पहिल्या पियानो कन्चेर्टोची १८५९ मध्ये लाइपझिगच्या श्रोत्यांनी हुर्यो उडवली होती. तोच कन्चेर्टो क्लाराने डिसेंबर १८६१ मध्ये हॅम्बर्गमध्ये ब्राम्सच्या संचालनाखाली वाजवला. त्याच महिन्यात, त्याच शहरात, हँडेलच्या धूनेवरील २५ रूपे आणि शेवटी फ्यूग अशी ब्राम्सची दमछाक करणारी नवी रचना तिने प्रथमच जाहीरपणे सादर केली.

नवे ते सारेच तिने स्वीकारले असे नाही. फ्रान्झ लिस्टने आपला बी मायनर सोनाटा रॉबर्टला अर्पण केला होता. १८५४ मध्ये तो क्लाराच्या हाती आला, पण तिला तो निव्वळ गोंगाट वाटला. आज ही रचना त्या शतकातील श्रेष्ठ कृतींमध्ये गणली जाते. क्लाराची निवड काटेकोर होती, ती प्रत्येक वेळी अचूक होतीच असे म्हणता येत नाही.

पुढील काळात तीन अपत्यांचे मृत्यू तिला पाहावे लागले. हातांच्या दुखण्याने अनेकदा मैफली रद्द कराव्या लागल्या. १८७० च्या दशकात तर दीर्घकाळ वादन थांबले. १८७७ मध्ये ब्राम्सने बाखची व्हायोलिनसाठीची शकोन ही रचना केवळ डाव्या हाताने वाजवण्याजोगी करून तिला पाठवली, तेव्हा योगायोगाने तिच्या उजव्या हाताची शीर दुखावलेली होती. १८७८ पासून तिने फ्रँकफर्टच्या हॉख संगीत विद्यालयात अध्यापन सुरू केले. तेथे दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी येत. रचनाकाराने लिहिले आहे ते नीट वाचा, त्यात आपली चमक मिसळू नका, हा तिच्या शिकवण्याचा गाभा होता.

मार्च १८९१ मध्ये फ्रँकफर्टमध्ये ती अखेरची जाहीरपणे वाजली. त्या कार्यक्रमातही ब्राम्सची रचना होतीच. सुमारे १,३०० मैफलींच्या छापील कार्यक्रमपत्रिका तिने आयुष्यभर जपून ठेवल्या होत्या. त्यांतून एका शतकाची बदलत गेलेली अभिरुची वाचता येते. १८९३ मध्ये ब्राम्सने पियानोसाठी काही छोट्या रचना लिहिल्या आणि त्यांतील सहांचा एक संच क्लाराला अर्पण केला. सत्तरी ओलांडलेली, ऐकू कमी येणारी, हात दुखणारी क्लारा घरातल्या पियानोवर त्या नव्या रचना बसवू लागली. आता श्रोते नव्हते, बिदागी नव्हती आणि कोणाला काही सिद्ध करून दाखवायचेही नव्हते.

२० मे १८९६ रोजी तिचे निधन झाले. बॉनमध्ये रॉबर्टशेजारी तिचे दफन करण्यात आले. युरो येईपर्यंत जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर तिची छबी होती. तिने वाजवून दाखवलेला ए मायनर कन्चेर्टो आज जगभरच्या सभागृहांत नित्य ऐकू येतो आणि आता तो कोणालाही नवा वा दुर्बोध वाटत नाही.